कराड परिसरात वन्यजीव चित्रपट महोत्सव : परवानग्या आणि चित्रपटांची निवड

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. शिक्षक, सर्पमित्र आणि महाविद्यालयीन विद्यार्थी अशी आम्ही कराड परिसरातील काही मंडळी वन्यजीव सप्ताहात, म्हणजे २ ते ८ ऑक्टोबरच्या दरम्यान, दोन दिवसांचा वन्यजीव व संवर्धन चित्रपट महोत्सव भरवण्याच्या विचारात आहोत. काम सगळे स्वयंसेवकांचे, प्रवेश विनामूल्य. एक दिवस महाविद्यालयाच्या सभागृहात आणि दुसरा दिवस कोयनेच्या बाजूच्या एखाद्या गावातील शाळेत, असा बेत आहे. आमच्यापैकी एकाने ओटीटीची वर्गणी भरलेली आहे; तिच्यावरचे माहितीपट मोठ्या पडद्यावर दाखवता येतील का? तिकीट नसल्यामुळे अडचण येऊ नये, असे काहींचे म्हणणे आहे. चित्रपटांच्या निवडीवरून तर सरळ दोन तट पडले आहेत. आफ्रिकेतील सिंह-चित्ते दाखवल्याशिवाय गर्दी होणार नाही, असे एका गटाला वाटते, तर दुसऱ्या गटाला सह्याद्रीबाहेरचे काहीच नको आहे.

सांगलीकर

तिकीट नसले म्हणून प्रदर्शनाचा हक्क मिळत नाही. ओटीटीची वर्गणी घरगुती वापरापुरती असते. नेटफ्लिक्स आपल्या मोजक्या माहितीपटांना शैक्षणिक प्रदर्शनाची मुभा देते आणि त्या त्या माहितीपटाच्या माहितीत तसा उल्लेख केलेला असतो. मात्र तेथे प्रवेशमूल्य, देणगी किंवा प्रायोजक यांपैकी काहीही चालत नाही. म्हणजे खर्च उचलणाऱ्या पतसंस्थेचा फलक पडद्याशेजारी लावण्याची आपल्याकडची रीत त्या दिवशी बाजूला ठेवावी लागेल. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थांना सवलत आहे खरी, परंतु ती विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती एवढ्याच प्रेक्षकांपुरती आहे. सर्वांना खुला असलेला महोत्सव तीत बसत नाही.

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या निर्मात्यांना थेट पत्र लिहिणे हा सर्वांत सरळ मार्ग. दिनांक, स्थळ, किती वेळा दाखवणार आणि मराठीतून निवेदन करणार का, हे सारे त्या पत्रात असावे. होकार लेखीच घ्यावा. अशा अनेक माहितीपटांना सेन्सॉरचे प्रमाणपत्र नसते, हेही लक्षात असू द्या. महोत्सवांना त्यातून सूट देण्याची तरतूद आहे, परंतु त्यासाठी चित्रपटांची यादी व सारांश जोडून केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे आगाऊ अर्ज करावा लागतो आणि प्रेक्षक नोंदणी केलेले प्रतिनिधी असावे लागतात. ऑक्टोबरचा कार्यक्रम असेल तर गणपतीनंतर धावपळ करून हे जमणार नाही.

चांदोलीकर

परवानग्यांबाबत वर सविस्तर आलेच आहे, म्हणून निवडीबद्दल लिहितो. आफ्रिका की सह्याद्री, हा वाद मला फारसा कामाचा वाटत नाही. ज्यांच्यासमोर चित्रपट दाखवायचा, त्यांचा त्या प्राण्याशी संबंध काय, हे आधी पाहावे. कोयना अभयारण्य १९८५ साली झाले, चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि ही दोन्ही मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आकाराला आला. या सगळ्यात गावे उठली, गुरांची चराई बंद झाली. तुम्ही ज्या शाळेत पडदा लावणार आहात, तेथे पुढच्या रांगेत बसलेल्या एखाद्या आजोबांचे मूळ गाव आज जंगलात असू शकते. माणूस हटला की निसर्ग बहरतो, एवढेच सांगणारा देखणा माहितीपट त्यांना दाखवून वर चर्चेला आमंत्रण देणे मला तरी उद्धटपणाचे वाटते. दाखवायचाच असेल, तर चर्चेत पहिले बोलणे त्यांचे असावे आणि वनाधिकाऱ्यांनी ते बसून ऐकावे.

सागरेश्वरचे उदाहरण घ्या. धों. म. मोहिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उजाड डोंगरावर उभे केलेले हे मानवनिर्मित अभयारण्य आपल्या जिल्ह्यांचा अभिमान आहे. आणि त्याच अभयारण्यातून बाहेर पडणारी हरणे भोवतालच्या शेतांत शिरतात, हीसुद्धा त्याचीच गोष्ट आहे. या दोन्ही बाजू मांडणारा वीस मिनिटांचा साधा माहितीपट, भले तो विद्यार्थ्यांनी केलेला असो, सिंहांच्या तासाभराच्या चित्रपटापेक्षा अधिक चर्चा घडवेल.

आणखी एक चाळणी लावावी : चित्रीकरण कसे झाले, हे निर्मात्याला विचारावे. घरट्याजवळ जाऊन किंवा आमिष ठेवून घेतलेली दृश्ये असतील, तर तो चित्रपट सोडून द्यावा. तुमच्या मंडळात सर्पमित्र आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो की नाग हातात धरून फणा दाखवणारे दृश्य नागपंचमीसाठी ओळखल्या जाणाऱ्या शिराळ्याच्या आसपास तर मुळीच नको. तरुण मुले चित्रपटाचा संदेश विसरतात आणि ती पकड तेवढी शिकतात.

कृष्णाकाठ

दोघांचेही आभार. ओटीटीचा विचार सोडला. उसातील बिबट्यावर एक माहितीपट मिळण्याची शक्यता आहे. तो गावातल्या शाळेत घ्यावा का?

माणदेशी

जरूर घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. तोडताना फडात बिबट्याचे बछडे सापडले, तर ते उचलून न नेता वनविभागाला कळवायचे आणि मादी रात्री येऊन त्यांना घेऊन जाईल अशी व्यवस्था त्याच जागी होऊ द्यायची, ही माहिती सर्वांत आधी ऊसतोड मजुरांना हवी. वन्यजीव सप्ताहात त्यांच्या टोळ्या अजून आलेल्याच नसतात. हंगाम सुरू झाल्यावर एका संध्याकाळी त्यांच्या कोप्यांजवळ वेगळा खेळ ठेवा, आणि तो लवकर आटोपता ठेवा, कारण ती माणसे पहाटेच फडात असतात.

परदेशी चित्रपटांबाबत मात्र चांदोलीकरांशी मी पूर्ण सहमत नाही. लहान मुलांना हिमबिबट्या आणि देवमासा पाहू द्यावा. प्रत्येक खेळाला समस्येचे ओझे नको.

शाळेतल्या खेळासाठी पडदा वर टांगा. मुले सतरंजीवर आणि मोठी माणसे मागे उभी असली, की पडद्याच्या तळाशी येणारी मराठी अक्षरे पुढच्यांच्या डोक्यांआड जातात. खिडक्यांना ताडपत्री लावा. परतीचा पाऊस पत्र्यावर सुरू झाला तर निवेदनाचा एक शब्दही ऐकू येणार नाही, तेव्हा स्लॅबची खोली मिळाली तर तीच घ्या, थोडी अडचणीची असली तरी चालेल.