मदत हवी आहे : न बोलता दुरावलेल्या ग्राहकांचे म्हणणे कसे जाणून घ्यावे?

सप्रेम नमस्कार. सांगलीत आमचा हळद दळून पाकिटे भरण्याचा छोटा व्यवसाय आहे. इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असल्याने पहिले पाकीट नावावर खपते; दुसरे मात्र अनुभवावरच जाते, आणि तिथेच आम्ही कमी पडत होतो. पारदर्शक पाकिटातील पूड फिकी पडते आणि पावसाळ्यात तिच्या गुठळ्या होतात, अशी तक्रार मिरजेतील काही गृहिणींनी केली, तेव्हा उजेडाने हळदीतील कुरकुमिन या पिवळ्या रंगद्रव्याचा ऱ्हास होतो हे लक्षात घेऊन आम्ही अपारदर्शक, हवाबंद पाकीट आणि १०० ग्रॅमचे लहान माप सुरू केले. त्या गृहिणी आजही आमचीच हळद नेतात, याचे मनापासून समाधान वाटते.

अडचण वेगळी आहे. तक्रार करणारा ग्राहक कळतो, परंतु काहीही न बोलता येणे थांबवणारा कळत नाही, आणि माझ्या वहीत अशी चाळीसेक नावे आहेत. माल खपवण्यासाठीच फोन केला असे त्यांना वाटू नये, आणि भिडेपोटी ‘सगळे चांगले आहे’ एवढेच उत्तर मिळू नये, यासाठी नेमके काय आणि कसे विचारावे? किराणा दुकानदारांमार्फत माल विकणाऱ्यांनी प्रत्यक्ष वापरणाऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी काय केले, हेही कृपया सविस्तर सांगावे.