‘रिस्ट्रेंट’ला मराठीत काय म्हणावं?

चोपडेकर ताई: विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी नियम मराठीत लिहितेय. मूल भिंतीवर डोकं आपटायला लागलं, दगड घेऊन दुसऱ्यावर धावलं, तर त्याला कसं आणि किती वेळ धरायचं. त्या ‘रिस्ट्रेंट’ला मी ‘शारीरिक निर्बंध’ लिहिलं. पालकसभेत एका आईने घाबरून विचारलं, “म्हणजे माझ्या पोराला शाळेत घेणार नाही का?” 2020 पासून निर्बंध म्हणजे दारं बंद. दुसरा शब्द सुचवा.

धुळेकर नाना: शब्द बाद करू नका, लोकांना सवय लावा. सावरकरांनी ‘निर्बंध’ कायद्यासाठी सुचवला होता. तो त्या अर्थाने रुळला नाही, पण ‘महापौर’ रुळलाच. नाहीतर ‘शारीरिक संयमन’ घ्या.

पारोळ्याचा भाऊ: नाना, संयम ज्याचा त्याने ठेवायचा. इथे दुसरा धरतोय. अहिराणीत माझी आजी म्हणायची, “त्याले धरी ठेवा, दाबू नका.”

भुसावळची परिचारिका: ताई, ते ‘दाबू नका’ ठळक छापा. पोराला पालथं पाडून पाठीवर बसणं, छातीवर किंवा मानेवर भार देणं, यात श्वास कोंडून जीव जाऊ शकतो. “ओरडतोय ना, मग श्वास चालू आहे” असं समजून माणसं पकड सैल करत नाहीत. ओरडणारं मूलही गुदमरत असू शकतं. ओठ निळसर दिसले, अंग एकदम ढिलं पडलं, की तत्काळ सोडा आणि मदत बोलवा. कागदावर ‘जखडणे’ लिहिलंत तर शिपाई जखडेलच.

धुळेकर नाना: मग ‘आवरणे’? संस्कृतातलं आहे. ‘आवळणे’ही त्यातूनच आलं असावं.

पारोळ्याचा भाऊ: आवळण्याचं पटत नाही. आणि “पोराला आवर” म्हटलं की पोरगं वाह्यात ठरतं. या लेकरांचा काय दोष?

यावलचे गुरुजी: धरून ठेवणं वेगळं, बांधून ठेवणं वेगळं, हा भेद आधी लिहा. पूर्वी पोरांना खांबाला बांधलेलं मी पाहिलंय. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17 प्रमाणे शारीरिक शिक्षेला बंदी आहे. धडा शिकवायला धरलं तर तीही शिक्षाच. इंग्लंडच्या 2006 च्या कायद्यात शिक्षकांना वाजवी बळ वापरायची मुभा आहे, पण शिक्षा म्हणून नाही. धोका टळला की सोडायचं, वेळ नोंदवायची, त्याच दिवशी आईबापांना सांगायचं.

धुळेकर नाना: ‘वाजवी’ अरबीतून आलाय. ‘उचित’ म्हणा.

पारोळ्याचा भाऊ: बाजारात रोज बोलतो तो शब्द परका कसा, नाना? उचित बळ म्हणजे किती, ते शिपायाला कोण सांगणार?

चोपडेकर ताई: ‘धरून ठेवणे’ मला पटतंय. मथळ्याला सुटसुटीत नाम हवं होतं.

यावलचे गुरुजी: ‘धरण’ म्हणाल तर इकडे हतनूरचं धरण आठवेल.

धुळेकर नाना: ‘धरणे’ जुना शब्द आहे, गुरुजी. येणं वसूल करायला सावकार कर्जदाराच्या दारात धरणं धरून बसायचा.

पारोळ्याचा भाऊ: त्यात अंगाला हात कुठे लावायचे? तो तर उपाशी बसायचा.

धुळेकर नाना: पण वाट अडवायचाच ना!