साखळी यंत्र मध्येच अडते. विज्ञान स्पर्धेपूर्वी काय सुधारावे?

प्रश्न (विज्ञान शिक्षिका, खानापूर तालुका)

नमस्कार. आमच्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलमधील नववीची मुले जिल्हा पातळीवरील विज्ञान स्पर्धेसाठी साखळी यंत्र तयार करीत आहेत. गोटी घरंगळली की फळी कलते, फळी कलली की वजन सुटते, आणि असे करत करत शेवटी घंटा वाजते. बारा टप्प्यांची रचना मुलांनी स्वतः आखली आहे. साहित्यही सगळे गावातलेच आहे: प्लायवूडचे तुकडे, पाण्याचा पाइप उभा चिरून केलेल्या पन्हळी, सायकलचे जुने चाक, सुती दोरा आणि वाळूच्या पुरचुंड्या. एकेक टप्पा वेगळा चालवला की चालतो. सगळे जोडले की कुठेतरी अडते, आणि अडण्याची जागाही दरवेळी बदलते. सर्वांत जास्त त्रास गोटीने तरफ दाबून पुरचुंडीची खीळ काढायची तिथे होतो, कारण गोटी तरफेवर येऊन नुसती बसून राहते. शिवाय वर्गात नीट चाललेले यंत्र सभागृहात नेले की बिघडते. मग टेम्पोतून बेळगावला नेल्यावर काय होईल? टप्पे कमी करावेत, की जोडणीचीच पद्धत बदलावी? मुलांनी मनापासून मेहनत घेतली आहे, म्हणून जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

उत्तर (निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, निपाणी)

मॅडम, अडण्याची जागा दरवेळी बदलते हे तुमचे निरीक्षण फार मोलाचे आहे, कारण त्यावरून दोष एखाद्याच टप्प्यात नसून बहुतेक सांध्यांत थोडा थोडा आहे हे कळते. शंभरातून नव्वद वेळा चालणारा टप्पा सुटा पाहताना उत्तम वाटतो. पण असे बारा टप्पे एकापुढे एक लावले तर ०.९ चा बारा वेळा गुणाकार होऊन ०.२८ उरतात, म्हणजे चारांतून जवळजवळ तीन वेळा यंत्र अडणार. तोच टप्पा शंभरातून नव्व्याण्णव वेळा चालला तर बारा टप्प्यांचे यश ०.८९ वर जाते. म्हणून टप्पे कमी करण्याची घाई करू नका. प्रत्येक टप्पा त्याच्या पुढच्या टप्प्यासह, म्हणजे जोडीजोडीने, सलग वीस वेळा चालवून घ्या आणि प्रत्येक वेळची नोंद मुलांना वहीत ठेवायला सांगा.

आता तरफेविषयी. ५ ग्रॅमची गोटी २० सेंटिमीटर उंचीवरून उतरली तर तिच्याजवळ फार तर ०.०१ ज्यूल ऊर्जा असते, आणि त्यातलीही काही घर्षणात व काही तिच्या स्वतःभोवती फिरण्यात जाते. अर्धा किलोची पुरचुंडी अर्धा मीटर उंच टांगली तर तिच्यात सुमारे २.५ ज्यूल, म्हणजे गोटीच्या अडीचशेपट ऊर्जा साठलेली असते. तेव्हा काम पुरचुंडीने करायचे आणि आधीच्या टप्प्याने फक्त खीळ काढायची, ही मुलांची कल्पना योग्यच आहे. अडचण अशी की पुरचुंडीच्या वजनाने खिळीवर ४.९ न्यूटन भार येतो, ती सरकवायला घर्षणामुळे सुमारे एक न्यूटन बल लागते, आणि गोटीचे वजन अवघे ०.०५ न्यूटन असते. गोटी बसून राहते ती यामुळेच.

उपाय म्हणून मध्ये आणखी एक टप्पा घाला. टेकूवर लोखंडी फूटपट्टी ठेवून तिच्यावर टेकूजवळ १०० ग्रॅमचा गुळगुळीत नट ठेवा, आणि पलीकडच्या टोकाला मातीचा गोळा लावून पट्टी जेमतेम आडवी राहील एवढाच समतोल साधा. गोटी नटाच्या बाजूच्या टोकावर आली की पट्टी कलते, नट बाहेर सरकतो, त्यामुळे पट्टी आणखी कलते आणि नट खाली पडतो. नटाला बांधलेला दोरा खिळीपर्यंत थोडा ढिला ठेवावा, म्हणजे नट वीसेक सेंटिमीटर पडून वेग घेतल्यावर खिळीला हिसका बसेल. खिळीसाठी सायकलच्या स्पोकचा तुकडा घ्या आणि त्याचे टोक कानशीने घासून गोल करा, नाहीतर दोऱ्याचा फास त्या धारेवर अडतो.

कॅनडातील भौतिकशास्त्रज्ञ लॉर्न व्हाइटहेड यांनी १९८३ मध्ये १३ डोमिनोंची जी रांग मांडली, तिचे मर्मही हेच आहे. प्रत्येक डोमिनो आधीच्याच्या दीडपट होता. सगळी मापे दीडपट केली की उभ्या डोमिनोत साठलेली ऊर्जा सुमारे पाचपट होते, आणि ती मोकळी करायला आधीच्याचा हलका धक्का पुरतो. मुलांना हा प्रयोग लाकडी ठोकळ्यांवर जरूर करायला द्या.

उत्तर (मशीन शॉपमधील कामगार, उद्यमबाग, बेळगाव)

सरांनी ऊर्जेचे सगळे सांगितलेच आहे, मी जागा बदलल्यावर होणाऱ्या बिघाडाबद्दल लिहितो. तुमच्या पन्हळीला मीटरभर लांबीत ३ सेंटिमीटर उतार असेल आणि सभागृहाची फरशी उलट बाजूला मीटरमागे १ सेंटिमीटर कलती असेल, तर उताराचा तिसरा हिस्सा तिथेच जातो. त्यामुळे सगळे यंत्र एकाच जाड फळीवर बसवा. फळीला चार नव्हे, तीनच पाय द्या, कारण तीन पायांवरची वस्तू कुठेही डुगडुगत नाही. पाय म्हणून लांब बोल्ट लावले तर ते पिळून फळी वरखाली करता येते. फळीवर पाणसळ लांबीत आणि रुंदीत अशी दोन्हीकडे ठेवून पाहावी, आणि हे काम एकाच विद्यार्थ्याकडे द्यावे.

काचेच्या गोट्या सगळ्या सारख्या गोल नसतात. त्यांच्याऐवजी बेअरिंगचे छर्रे वापरा. आमच्याकडच्या वर्कशॉपमध्ये निकामी बेअरिंग विचारल्यास मिळतात. प्रवासात वजने आणि छर्रे काढून वेगळ्या डब्यात ठेवावेत, आणि प्रत्येक वस्तूभोवती फळीवर पेन्सिलीने रेघ ओढून ठेवावी, म्हणजे तिथे पोहोचल्यावर मांडणी अंदाजाने करावी लागत नाही.

उत्तर (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, चिकोडी)

मॅडम, परीक्षकांसाठी प्रत्येक टप्प्याशेजारी एक ओळ लिहून ठेवा: कोणती ऊर्जा कशात बदलली आणि कोणते साधे यंत्र वापरले. हे फलक मराठी व कन्नड दोन्हींत असावेत, म्हणजे पाहणाऱ्या सगळ्यांना यंत्र समजेल. अशा यंत्रांना अमेरिकी व्यंगचित्रकार रूब गोल्डबर्ग यांचे नाव मिळाले आहे. ते अभियांत्रिकीचे पदवीधर होते आणि साधे काम लांबलचक मार्गाने करणारी यंत्रे चित्रांत रंगवत असत. पर्ड्यू विद्यापीठात १९४९ मध्ये त्यावर विद्यार्थ्यांची स्पर्धाही सुरू झाली. मुलांना हे ठाऊक असलेले बरे.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

सर्वांची मनापासून आभारी आहे. फूटपट्टी आणि नटाची जोडणी मुलांनी करून पाहिली आणि खीळ निघू लागली. एक शंका उरली आहे. सकाळी बरोबर बसवलेला दोरा पाऊस लागला की ताणला जातो आणि खीळ आपोआप सुटते. खानापूरचा पाऊस आपण जाणताच.

उत्तर (विणकर, वडगाव)

ताई, पीळ दिलेला सुती दोरा दमट हवेत फुगतो आणि फुगला की लांबीत आखडतो, म्हणून तुम्ही ठेवलेला ढिलेपणा नाहीसा होतो. शिलाईचा पॉलिएस्टर दोरा पाणी जवळजवळ शोषत नाही, तो दुहेरी करून वापरा. नायलॉनचा घेऊ नका, तो भाराखाली हळूहळू लांबतो. नवा दोरा वजन लावून रात्रभर टांगून ठेवावा, गाठी बसू द्याव्यात आणि मगच त्याची लांबी कायम करावी. खिळीजवळच्या टोकाला गाठीऐवजी छोटा खटका लावलात तर स्पर्धेच्या जागी हवा कशीही असली तरी अर्ध्या मिनिटात ढील कमीजास्त करता येईल.