घातक कचऱ्याचे नियम: राज्याने स्वतःचे करावेत, की केंद्राचेच कारखान्यापर्यंत नीट पोचवावेत?

इंद्रायणीकाठ
भोसरी, चाकण, रांजणगाव, कुरकुंभ. पुण्याभोवतीच्या या औद्योगिक पट्ट्यातून रंगाचा गाळ, फॉस्फेटिंगचा (रंगाआधी धातूवर देतात त्या फॉस्फेट थराचा) गाळ, जळकं तेल आणि ईटीपीचा (सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा) गाळ रोज निघतो. त्याला लागू असलेले नियम ४ एप्रिल २०१६ चे, पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ खालचे, म्हणजे केंद्राचे. महाराष्ट्राला त्यात काना-मात्राही बदलता येत नाही. माझं मत असं, की केंद्राचा दर्जा ही खालची मर्यादा धरून राज्याला स्वतःचे नियम करू द्यावेत.

अमेरिकेत १९७६ च्या कायद्याने हेच केलं. राज्य आपला कारभार स्वतः चालवतं, फक्त नियम केंद्रापेक्षा सैल असता कामा नयेत. १ जुलै ते ३० जून या वर्षात केंद्राने नियम कडक केला, तर ते वर्ष संपल्यावर एका वर्षात राज्याने तो स्वीकारायचा. विधिमंडळात कायदाच बदलावा लागणार असेल तर आणखी एक वर्ष. सैल करणारी दुरुस्ती घ्यायची की नाही, हे राज्य ठरवतं. कचरा निर्माण करणाऱ्यांसाठीचे २०१६ चे सुधारित नियम याच रीतीने खाली आले: मुदत १ जुलै २०१८, कायदा बदलावा लागणाऱ्यांना १ जुलै २०१९. नियम बदलला की खालच्या पातळीवर किती दिवसांत काय व्हायला हवं, हे तिथे तारखेनिशी ठरलेलं आहे.

विधी_पर्यावरण
सहमत नाही. तुम्ही उदाहरणाची एकच बाजू मांडलीत. तिथल्याच १९८४ च्या दुरुस्तीखाली निघालेले नियम सगळ्या राज्यांत एकाच दिवशी लागू होतात, राज्याने स्वीकारलेले असोत वा नसोत. राज्याला मंजुरी मिळेपर्यंत तेवढ्या भागाची अंमलबजावणी केंद्रीय यंत्रणा करते. म्हणजे एकाच कारखान्याला दोन नियमपुस्तकं सांभाळावी लागतात. आयोवा आणि अलास्का यांनी तर स्वतःचा कारभार घेतलेलाच नाही.

आपल्याकडे मसुदा राजपत्रात येतो, हरकतींसाठी ६० दिवस मिळतात, आणि अंतिम अधिसूचना निघाली की ती गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक सगळीकडे तशीच लागू. सिल्वासाहून रांजणगावला गाळ आला तरी व्याख्या तीच. हे मी तरी सोडणार नाही.

राज्याच्या हातात काहीच नाही, हेही खरं नाही. नियम ५ वाचा. औद्योगिक वसाहतीत पुनर्प्रक्रियेसाठी जागा किंवा शेड राखून ठेवणं, त्या कामगारांची नोंदणी, प्रशिक्षण आणि दरवर्षी आरोग्य तपासणी, एकात्मिक आराखडा करून केंद्राला वार्षिक अहवाल देणं, ही सगळी कामं राज्य सरकारची आहेत. शिवाय प्राधिकारपत्रात (कचरा हाताळायच्या परवान्यात) अटी घालायचा अधिकार राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला आहेच. आधी ही कामं पूर्ण करून घ्या.

चाकण_सेफ्टी
दोघेही वरच्या पातळीवर भांडताय, खरी गडबड खाली कागदावर होते.

ईटीपीच्या रासायनिक गाळाचंच घ्या. २००८ च्या नियमांत अनुसूची १ मध्ये (घातक कचऱ्याच्या क्रमांकवार यादीत) त्याचा क्रमांक ३४.३ होता, २०१६ मध्ये तो ३५.३ झाला. प्राधिकारपत्र पाच वर्षांचं. ज्याला ते २०१५ मध्ये मिळालं, त्याच्या कागदावर २०२० पर्यंत ३४.३ राहू शकत होता. मग ड्रमच्या लेबलवर (फॉर्म ८) काय लिहायचं? मॅनिफेस्टवर, म्हणजे गाडीसोबतच्या वाहतूक कागदावर (फॉर्म १०)? ३० जूनपर्यंत भरायच्या वार्षिक विवरणात (फॉर्म ४)? एकाने जुना लिहिला, दुसऱ्याने नवा, की गेटवर गाडी अडते, कारण घेणाऱ्याच्या परवानगीत नवा क्रमांक असतो. आणि हीच विवरणं जमवून मंडळ ३० सप्टेंबरपर्यंत राज्याची यादी केंद्रीय मंडळाला देतं. एकाच गाळाचे दोन क्रमांक असतील, तर ती बेरीज चुकणारच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. अधिसूचना निघाली की ९० दिवसांत मंडळाने जुना-नवा क्रमांकांचा तक्ता काढावा आणि चालू प्राधिकारपत्रांना विनाशुल्क पुरवणी पत्र द्यावं. नूतनीकरणाची वाट बघायला लावू नये. त्याला नवा कायदा लागत नाही.

भोसरी_लघुउद्योग
तक्ता हवाच. पण राज्याला कडक नियम करू देण्याला माझा ठाम विरोध आहे, कारण त्याचा पहिला फटका लहान शेडला बसतो.

हिशेब बघा. पावडर कोटिंगचं एखादं युनिट महिन्याला ४० किलो फॉस्फेट गाळ (१२.५) आणि १० किलो तेलकट चिंध्या (३३.२) काढतं. साठवणुकीची मुदत ९० दिवस, म्हणजे जमा झाला दीड क्विंटल. तेवढ्यासाठी विल्हेवाट केंद्राची गाडी पाठवली तर मालापेक्षा भाडं जड. वर्षाला १० टनांपर्यंत कचरा असलेल्यांना मंडळ १८० दिवसांपर्यंत मुदत वाढवून देऊ शकतं, पण ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते. बऱ्याच जणांना तरतूदच ठाऊक नसते. मग ९१ व्या दिवशी तपासणी झाली की उल्लंघन. १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण (संरक्षण) कायद्याखालचा दंड १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत आहे.

चाकण_सेफ्टी
मुदत सरसकट वाढवायला मात्र माझा विरोध राहील. मर्यादा १० टनांची आहे. ९ टनवाल्याने १८० दिवस साठवलं तर साडेचार टन, म्हणजे २०० लिटरचे वीसेक ड्रम. रंगाच्या गाळात (२१.१) सॉल्व्हंट असतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली ड्रम तापतो, आत वाफ धरते, झाकण फुगतं. तोंडापर्यंत भरलेला ड्रम तर हमखास गळतो, वर दहावा हिस्सा रिकामा ठेवायलाच हवा. आणि प्लेटिंगवाल्याने सायनाइडचा गाळ आणि वापरलेलं आम्ल एकाच बंधाऱ्याच्या (गळती अडवणाऱ्या कठड्याच्या) आत ठेवलं, तर दोन गळक्या ड्रममधून हायड्रोजन सायनाइड वायू तयार होतो. मुदत वाढवायची तर कचऱ्याचा प्रकार बघून वाढवा. फॉस्फेट गाळाला १८० दिवस चालतील, सॉल्व्हंटवाल्याला नकोत.

भोसरी_लघुउद्योग
प्रकार बघून द्यायला हरकत नाही. पण मग सामायिक उचल हवी. एका ब्लॉकमधली पंधरा युनिटं, ठरलेल्या तारखेला एकच गाडी, प्रत्येकाचं मॅनिफेस्ट वेगळं. सात प्रतींपैकी पांढरी मंडळाला, पिवळी पाठवणाऱ्याकडे, आणि माल पोचल्यावर घेणाऱ्याकडून निळी परत. निळी आली नाही तर आपला माल कुठे उतरला हे कळायला मार्ग नाही, म्हणून ती युनिटनिहायच हवी.

इंद्रायणीकाठ
क्रमांकांचा तक्ता आणि प्रकारानुसार मुदत, दोन्ही मान्य. तरी मूळ मुद्दा मी सोडत नाही. सॉल्व्हंटवाल्या गाळाला ९० ऐवजी ४५ दिवस करायचे असतील, तर आज ते प्रत्येक प्राधिकारपत्रात वेगवेगळी अट घालूनच करावं लागेल. मग एका शेडला ४५ आणि भिंतीपलीकडच्याला ९०. राज्याचा एकच लेखी नियम असता तर हे टळलं असतं.

विधी_पर्यावरण
त्यासाठी नियम करायचा अधिकार लागत नाही. मंडळाने त्या प्रवर्गासाठी प्रमाणित अटींचा एकच नमुना ठरवावा आणि प्रत्येक नव्या व नूतनीकरणाच्या प्राधिकारपत्राला तो जोडावा. मसुदा आधी जाहीर करून ६० दिवस हरकती मागवाव्यात, केंद्र मागवतं तशाच. भोसरीच्या शेडवाल्यांनी तिथे गाडीभाड्याचा हिशेब लेखी द्यावा.