भाचीला एमएचएसाठी अमेरिकेला पाठवावं का? माझं मत: नको

पंचगंगाकाठ
मंडळी, भाची बीडीएस आहे. दोन वर्षं दुसऱ्याच्या क्लिनिकात महिना अठरा हजारांवर दात काढले (हसू नका, खरेखुरे दात). आता अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं ऑफर लेटर आलंय. मास्टर ऑफ हेल्थ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, दोन वर्षं. फी, राहणं-खाणं धरून पंचेचाळीस लाखांचं कर्ज, तारण दाजींची करवीर तालुक्यातली जमीन.

मी सतरा वर्षं एका शंभर खाटांच्या हॉस्पिटलात टीपीए डेस्कवर (विमा कंपनीच्या वतीने बिलं तपासणारे ते टीपीए) आहे. हॉस्पिटल चालवणं हे त्या त्या मातीतलं काम आहे. तिकडं मेडिकेअर, मेडिकेड या सरकारी विमा योजना आणि को-पे, म्हणजे पेशंटनं भरायचा वाटा. इकडं सरकारी योजनेचा आरोग्यमित्र, रेशनकार्ड आणि बिल कमी करा म्हणून येणारा नगरसेवकाचा फोन. डिस्चार्जचंच बघा. डॉक्टर सकाळी नऊला ‘सोडा’ म्हणतात, समरी टाइप व्हायला बारा, फार्मसीचा हिशेब यायला एक, दोनला टीपीएची क्वेरी. तोवर पेशंटची आई पिशवी भरून कॉटच्या कडेला बसलेली. हे तिकडच्या कुठल्या पुस्तकात आहे? पंचेचाळीस लाख कशाला घालवायचे?

ओहायोकरीण
दादा, पुस्तकात आहे की! आम्हाला पहिल्याच सेमिस्टरला होतं, ऑपरेशन्सच्या पेपरला. डिस्चार्ज कुठल्या टेबलावर किती मिनिटं अडतो हे घड्याळ लावून मोजायचं, मग समरी आदल्या संध्याकाळी तयार ठेवायची, फार्मसीचं बिल रोजच्या रोज बंद करायचं. तुम्ही सतरा वर्षं बघताय, पण मोजलंय का कधी? राग मानू नका. मीही बीएचएमएस करून इकडे आले, मलाही माहीत नव्हतं.

आणि मेडिकेअर परकं म्हणून टाकाऊ कसं? १९८३ मध्ये त्यांनी जेवढा खर्च तेवढं बिल ही पद्धत सोडली आणि आजाराच्या गटानुसार ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. ते डीआरजी. लगेच पेशंट लवकर घरी जाऊ लागले. काही ठिकाणी जरा जास्तच लवकर. तुमच्या जीवनदायीचं पॅकेज, २०१८ नंतर आयुष्मान भारतचं पॅकेज, यांच्या मुळाशी तोच हिशेब आहे. पॅकेज परवडत नाही म्हणून कुठली केस घ्यायला टाळाटाळ होते, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? इकडे याच गोष्टीचा चाळीस वर्षांचा अनुभव अभ्यासायला मिळतो.

स्टेथोस्कोप
धागाकर्ते आणि ओहायोकरीण दोघंही चुकताय. हॉस्पिटल डॉक्टरनेच चालवावं. त्यासाठी एमडी हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन आहे, पुण्याच्या एएफएमसीत आहे, दिल्लीच्या एम्समध्येही हा विषय फार जुना आहे. एमबीबीएस लागतं, म्हणजे भाचीला दार बंद, हे मान्य. पण रात्री दोनला व्हेंटिलेटर कुणाला द्यायचा हे एक्सेल शीट सांगत नाही. कॉर्पोरेटमध्ये टाय लावलेली पोरं आम्हाला महिन्याचे अ‍ॅडमिशनचे आकडे दाखवतात, तेव्हा ही पदवी नक्की कशासाठी आहे असा प्रश्न पडतो.

देवनारची माजी
+१ टाय लावलेल्या पोरांबद्दल. बाकी सगळ्याला -१.

डॉक्टर, आपल्याकडे मेडिकल कॉलेजचा डीन प्राध्यापकांतून होतो. आयुष्य सर्जरीत गेलेला माणूस एका ऑर्डरनिशी औषधखरेदी, फायर ऑडिट, कंत्राटी सफाई कामगार आणि लिफ्टची दुरुस्ती यांचा मालक होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ अर्भकं. मग खासदार आले आणि त्यांनी डीनना संडास साफ करायला लावला. सगळा महाराष्ट्र त्या व्हिडिओवर भांडला. औषधखरेदीवर कोण बोललं? आधी हाफकिन या सरकारी संस्थेमार्फत खरेदी, ती रखडते म्हणून २०२३ मध्ये कायदा करून वेगळं प्राधिकरण. मागणी कधी नोंदवायची, साठा किती उरला की पुढची ऑर्डर टाकायची, स्थानिक खरेदीचे अधिकार कुठवर, हे सगळं शिकण्याचं शास्त्र आहे. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात ते नावापुरतंच असतं. भंडाऱ्याला ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली, तिथेही प्रश्न निदानाचा नव्हता.

आता काका, तुमच्या मुद्द्यावर येते. मी टिसमधून, म्हणजे मुंबईत देवनारला असलेल्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधून, एमएचए केलं. पदवी कुठल्याही शाखेची चालते. फी तुमच्या कर्जाच्या व्याजातसुद्धा भागेल बहुधा. आम्हाला इंटर्नशिपला सरकारी रुग्णालयात टाकलं, तिथे पहिला आठवडा मी नुसती केसपेपरच्या रांगेत उभी होते. पुण्यात सिम्बायोसिसचं आहे, जयपूरला आयआयएचएमआर आहे, १९८४ पासूनचं. हे सोडून अमेरिकाच का? मुलीला इथे काम करायचंय की तिकडे राहायचंय, हे आधी विचारलंत का?

पंचगंगाकाठ
विचारलं. म्हणाली, ‘मामा, आधी शिकू तर दे.’ म्हणजे काय ते समजा.

चिंचवडचा चिकित्सक
म्हणजे तिकडे राहायचंय. मग शिक्षणावर कशाला बोलताय, व्हिसावर बोला. एमएचए सहसा स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत बसत नाही. म्हणजे ओपीटी, शिक्षणानंतर तिकडे काम करायची परवानगी, फक्त १२ महिने. इंजिनिअरांना वरचे २४ महिने मिळतात, ते हिला नाहीत. त्यात १९ सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने नव्या एच-१बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जावर एक लाख डॉलर. कुठलं हॉस्पिटल भरेल बीडीएससाठी? आणि इंग्लंड म्हणाल, तर १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ग्रॅज्युएट रूट (शिक्षणानंतर राहायचा व्हिसा) दोन वर्षांऐवजी १८ महिनेच.

ओहायोकरीण
अर्धं बरोबर. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, इथेच असलेल्यांनी आतल्या आत स्टेटस बदललं तर ते एक लाख लागत नाहीत, तसा खुलासा ऑक्टोबरमध्ये आलाय. एच-१बीची लॉटरी मात्र आहेच. ८५ हजार जागा, आणि त्यांतल्या २० हजार इथे मास्टर्स केलेल्यांच्या. ना-नफा तत्त्वावरची, विद्यापीठाशी जोडलेली बरीच हॉस्पिटलं त्या मर्यादेबाहेर असतात, हे इंजिनिअर मंडळींना माहीत नसतं. भाचीने कोर्स निवडताना एवढं तरी बघावं: केहमी या संस्थेची मान्यता आहे का, आणि शेवटच्या वर्षी हॉस्पिटलात प्रत्यक्ष काम आहे का. नुसतं ऑनलाइन व्याख्यानांचं एमएचए असेल तर जमीन सोडाच, जमिनीचा बांधही तारण ठेवू नये.

स्टेथोस्कोप
देवनार, खरेदीचा मुद्दा मान्य. पण तुमचा प्रशासक आणि युनिट हेड भांडले तर शेवटचा शब्द कुणाचा? हे ठरत नाही तोवर तुमच्या पदवीचा उपयोग डॉक्टरांच्या केबिनबाहेर उभं राहण्यापुरताच.

देवनारची माजी
उभी राहतेच की. गेल्या महिन्यात ओटीची यादी सकाळी आठला सुरू व्हायला लागली, ती केबिनबाहेर उभं राहूनच. पहिलं ऑपरेशन साडेनऊला सुरू होत होतं. भूलतज्ज्ञ वेळेवर असायचे. उशीर कुणाचा, ते इथे नको.

स्टेथोस्कोप
:)

पंचगंगाकाठ
ओहायोताई, ते मोजायचं म्हणालात ना, ते काल केलं. आठ डिस्चार्ज. माझ्या डेस्कवर सरासरी पन्नास मिनिटं, समरीला अडीच तास. मला सतरा वर्षं वाटत होतं टीपीएच उशीर करतो. तरी मत बदललेलं नाही, हे घड्याळ देवनारला बसूनही शिकता येतं.

एकच विचारतो, खरं सांगा. तुम्हाला पहिली नोकरी कधी लागली?

ओहायोकरीण
ओपीटी सुरू झाल्यावर एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. मला ८३ व्या दिवशी लागली. डोळ्यांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंटच्या टेबलावर. आईला सांगितलं होतं, मॅनेजर झाले.