अनुभव धागा: वायफायचं नाव बदललं, मग घरात काय काय रुसलं?

ओट्यावरची, ठाणे

मंडळी, विषय फुटकळ वाटेल, पण परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यावरून रात्री उशिरापर्यंत मेसेज पडत होते, म्हणून इथे धागा काढतेय. घरातल्या वायफायचं नाव कुणी बदललंय का? का बदललं, काय ठेवलं, आणि मुख्य म्हणजे त्यानंतर घरातलं काय काय बंद पडलं, ते लिहा.

नेटवाल्याचा माणूस येतो, भिंतीवर डबा ठोकतो आणि नाव तसंच ठेवून जातो: कंपनीचं नाव, पुढे चारसहा आकडे. बदलायचं तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकून राउटरच्या पानावर जायचं. जिओफायबरवाल्यांचा पत्ता १९२.१६८.२९.१. काही कंपन्यांच्या अ‍ॅपमधूनही होतं. इथवर सगळं सोपं. पुढे घरातल्या एकेका यंत्राकडे जाऊन नवं नाव सांगत फिरायचं, त्यात रविवार जातो. आणि यंत्रं भलती काटेकोर असतात. नावातलं एक कॅपिटल अक्षर स्मॉल केलंत तरी त्यांच्या लेखी ते परक्याचं नेटवर्क.

दोनच अटी. स्वतःचा पासवर्ड आणि फ्लॅट नंबर इथे लिहू नका. आणि 'नेट स्लो आहे' ही रड दुसऱ्या धाग्यावर.

तिरकी खुर्ची, कोथरूड

आमच्याकडे जोडणीला आलेल्या मुलाने नाव टाकलं ते बाबांचं, आडनावासकट, आणि त्यापुढे फ्लॅट नंबर. पासवर्ड काय, तर बाबांचा मोबाइल नंबर. बाबा सोसायटीचे खजिनदार, त्यामुळे तोच नंबर खाली जिन्याजवळच्या बोर्डावर ठळक अक्षरांत लावलेला. म्हणजे नाव वाचा, बोर्ड बघा, आणि बसा आमच्या नेटवर सिनेमे बघत! बदलणं भागच होतं.

फोन आणि लॅपटॉप लगेच जुळले. टीव्हीने रिमोटवर एकेक अक्षर निवडून पासवर्ड टाकून घेतला, तो मान दुखवणारा प्रकार सगळ्यांना माहीत असेल. दारावरचा कॅमेरा पार रिसेट करावा लागला. पण खरा दमवला तो प्रिंटरने. त्याला पडदाच नाही, दोन बटणं आणि एक निळा दिवा, बस. वायरलेसचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं, मग फोनवर त्याचं अ‍ॅप उघडून नवं नेटवर्क दाखवायचं. दिवा लुकलुकायचा, अ‍ॅप म्हणायचं प्रिंटर सापडत नाही. शेवटी बाबा म्हणाले, "राउटरवर ते डब्ल्यूपीएस लिहिलंय ते दाबून बघ की." ते म्हणजे पासवर्ड न टाकता यंत्र जोडायचं बटण. राउटरवरचं ते दाबलं, लगेच प्रिंटरवरचं दाबलं, जमलं. बाबा आता वर्षभर ऐकवणार.

यातून शिकलेली युक्ती सांगते. पुढे कंपनी बदलली, नवा राउटर आला, तेव्हा त्याला नाव आणि पासवर्ड हुबेहूब जुनेच दिले. घरात कुणालाही कळलं नाही की राउटर बदललाय. फक्त सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ चालू राहील असा ठेवा. नुसता डब्ल्यूपीए३ ठेवलात तर जुनी यंत्रं नाव ओळखूनही आत येत नाहीत.

तांबडा-पांढरा, कोल्हापूर

आमच्या बिल्डिंगमधी वायफायच्या नावांनी भांडणं चालत्यात. वरच्या मजल्यावर कॉलेजची पोरं, रात्री खुर्च्या सरकवायची त्यांना हौस. खालच्या काकांनी नाव ठेवलं 'खुर्च्यांना रबर लावा'. दोन दिवस शांत. मग वरनं उत्तर, 'रबर संपलंय काका'. काकांनी बदललं, 'दुकान कोपऱ्यावर आहे'. पोरांनी, 'उधारी बंद आहे'. फोन काढला की पहिल्यांदा कोण काय बोललं ते बघायचं, मग नेट लावायचं. सेक्रेटरी वैतागून गेले, पण पठ्ठ्यानं स्वतःच्या वायफायचंच नाव करून टाकलं, 'मीटिंगमध्ये बोला'.

रबराच्या टोप्या शेवटी काकांनीच आणून दिल्या. नावं आजून तीच हायत.

गच्चीवरची तुळस, नाशिक

सासूबाईंचा आग्रह: घराचं नाव जे पाटीवर आहे तेच वायफायला हवं, आणि तेही देवनागरीत. घराचं नाव 'गजानन प्रसाद'. म्हटलं, त्यात काय मोठंसं. राउटरच्या पानावर टाइप करायला घेतलं तर 'गजानन प्रसा' इथे गाडी थांबली. 'द' काही केल्या बसेना. आधी वाटलं कीबोर्ड अडकला. जागा काढून टाकली, 'गजाननप्रसाद' सलग लिहिलं, तरी 'द' बाहेरच. बत्तीस अक्षरं चालतात असं पानावर लिहिलेलं, मग आमची बाराच्या आत असून का चालत नाहीत?

सासूबाई शेजारी जपमाळ घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "प्रसाद बसत नसेल तर कृपा बघ." 'गजानन कृपा' पहिल्या झटक्यात बसलं! आता पाटीवर एक, वायफायवर एक. घरातल्या फोनांवर छान दिसतं. दिरांच्या जुन्या लॅपटॉपवर मात्र त्या जागी नुसता चिन्हांचा कचरा दिसतो, आणि त्यांना तो कचरा ओळखून त्यावरच टिचकी मारावी लागते. हे असं का होतं, कुणी सांगेल का?

केबल ओढणारा, पिंपरी

तुळसताई, मी याच धंद्यात आहे म्हणून सांगतो. मर्यादा अक्षरांची नाही, बाइट या संगणकी मापाची आहे, आणि ती ३२ च. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन, आणि चिन्ह म्हणजे काना, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त सगळं वेगवेगळं मोजतात. 'प्रसाद' हे तुम्हाला तीन अक्षरं दिसतं, राउटरला सहा चिन्हं दिसतात, म्हणजे १८ बाइट. 'गजानन'चे १५, मधल्या जागेचा एक. झाले ३४. जागा काढली तरी ३३, म्हणून 'द' बाहेर. 'कृपा'ला १२ लागतात, एकूण २८, म्हणून बसलं. थोडक्यात देवनागरीत दहा चिन्हांच्या वर जाता येत नाही. इमोजी साधारण चार बाइट खातो. जुन्या लॅपटॉपवरचा कचरा म्हणजे तेच बाइट, पण त्याने भलत्याच लिपीचे समजून वाचलेले.

गिऱ्हाइकं हमखास विचारतात: नाव बदलल्याने सुरक्षा वाढते का? थोडी वाढते. डब्ल्यूपीए२ मध्ये तुमच्या पासवर्डपासून जी किल्ली तयार होते तिच्यात वायफायचं नावही मिसळलेलं असतं. नेहमीच्या ठरावीक नावांसाठी अशा किल्ल्यांच्या याद्या लोकांनी आधीच काढून ठेवल्यात. तुमचं नाव जगावेगळं असेल तर त्या याद्या कामाच्या नाहीत. पण पासवर्ड १२३४५६७८ असेल तर नाव काहीही ठेवा.

आणि नाव लपवण्याचा पर्याय दिसतो ना, तो वापरू नका. यादीत नाव दिसत नाही एवढंच, साध्या सॉफ्टवेअरने ते कळतं. उलट तुमचा फोन जाईल तिथे त्या लपलेल्या नावाने हाका मारत फिरतो.

आंबोळी, मुक्काम दुबई, सासर सावंतवाडी

सासऱ्यांना आम्ही नाना म्हणतो. गावी एकटेच असतात, सोबतीला टॅब, त्यावर रोज संध्याकाळी आम्ही दिसतो. तिथल्या नेटवाल्याने राउटर बदलला आणि नावही बदललं. टॅब गप्प. मग साध्या फोनवरून मी इथून आणि नाना तिथून.

"नाना, वरून खाली बोट ओढा. पंख्याच्या आकाराची खूण दिसतेय?"

"पंखो खंय हा? हां, हां, अर्धो पंखो."

"त्यावर बोट दाबून धरा. आता नावांची यादी येईल."

"इली. अगो, हे बघ, शेजारच्या अण्णाचा पण हा! त्येना कधी घेतला नेट? माका बोललो पण नाय."

"नाना, अण्णांचं राहू दे. आपलं शोधा. राउटरच्या खाली चिकटवलेल्या कागदावर नाव असेल."

मग राउटर उलटा करायचा. त्यासाठी चष्मा शोधायचा. राउटर उलटा करताना वायर निघाली, यादीतून आपलं नाव गेलं, अण्णाचं तेवढं राहिलं. नानांचा निष्कर्ष: "अण्णाचाच वापरूया. त्येका विचारून येतंय." आणि गेलेसुद्धा! त्या दिवशीचा व्हिडिओ कॉल अण्णांच्या पडवीतून झाला, मागे त्यांची सून आम्हाला हात करत होती. दुसऱ्या दिवशी नेटवाल्याला गाठून त्याच्याकडून जुनं नाव आणि जुना पासवर्डच परत टाकून घेतला. टॅब आपोआप जोडला गेला. वर कोथरूडच्या ताईंनी सांगितलेली युक्ती ही अशी.

शून्य टक्के, मुंबई

नावात टक्क्याचं चिन्ह टाकू नका रे. जून २०२१ मध्ये एका संशोधकाने दाखवून दिलं होतं की टक्का आणि पी, एस, एन अशा अक्षरांचं एक ठरावीक नाव असलेल्या वायफायला आयफोन जोडला की त्याचं वायफायच बंद पडायचं, आणि फोन पुन्हा सुरू करूनही भागायचं नाही. नेटवर्कची सगळी सेटिंग्ज पुसावी लागायची. आयफोनच्या आयओएस १४.७ या अपडेटमध्ये दुरुस्त झालं. माझ्या जुन्या टोपणनावात टक्का होता, घाबरून आधी वायफायचं आणि मग इथलं, दोन्ही बदलली.

पऱ्हाटी, अकोला

आमच्या घरावर सोलर आहे. नेटची कंपनी बदलली, नाव बदललं, आन् दुसऱ्या दिवशी अ‍ॅपवर वीजनिर्मिती शून्य. बाहेर ऊन असं की गच्चीवर पाय ठेववत नाही, आन् अ‍ॅप म्हणते शून्य! बायको म्हणे पॅनल गेले. इन्स्टॉलरला फोन लावला तर तो हसाले लागला. इन्व्हर्टरच्या बुडाशी एक लहानसं डोंगल असते, ते जुनंच नाव शोधत बसलं होतं. वीज बनतच होती, विजेच्या नेट मीटरवर आकडा चढतच होता, फक्त अ‍ॅपले कोणी सांगत नव्हतं.

डोंगल रिसेट केलं की ते स्वतःचंच एक वायफाय दाखवते. फोन त्याले जोडायचा आन् मग त्याले घरचं नाव-पासवर्ड द्यायचं. तेही घेईना. कारण नवा राउटर २.४ आन् ५ गिगाहर्ट्झ हे वायफायचे दोन्ही पट्टे एकाच नावानं दाखवे, आन् हे डोंगल फक्त २.४ वालं. दोघांची नावं वेगळी केली तवा जमलं. स्मार्ट प्लग, स्वस्तातले कॅमेरे यायचंही असंच असते. ५ ची जाळी भिंतीपलीकडं लवकर दमते, म्हणून असल्या वस्तू २.४ वरच चालतात.

सुंगटांचें हुमण, मडगाव

आमचा छोटा होमस्टे आहे. खोल्याखोल्यांत वायफायचे क्यूआर कोड लॅमिनेट करून लावलेले. भाचा सुट्टीत आला आणि नाव 'छान' करून गेला. क्यूआरमध्ये नाव आणि पासवर्ड दोन्ही असतात, त्यामुळे सगळी कार्डं बाद. पाहुणे रात्री दार ठोठावतात. आता पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं, घरचं वेगळं, आणि भाच्याला दोन्हींचा अ‍ॅडमिन पासवर्ड माहीत नाही.

पावाची कड, ल्यों

फ्रान्समध्ये कंपनीच्या डब्यांची नावं लाइव्हबॉक्स, फ्रीबॉक्स, बीबॉक्स आणि पुढे आकडे-अक्षरं. आमच्या इमारतीत बहुतेकांनी ती तशीच ठेवलीत. गंमत म्हणून काहीतरी वेडंवाकडं ठेवू नये एवढं मात्र इथे सगळ्यांना ठाऊक आहे. दिजाँमध्ये २०१६ साली एका अठरा वर्षांच्या मुलाने नाव ठेवलं होतं 'दाएश २१'. दाएश म्हणजे आयसिस, २१ हा त्या जिल्ह्याचा क्रमांक. शेजाऱ्यांना दिसलं, प्रकरण कोर्टात गेलं, दहशतवादाचं समर्थन केलं म्हणून तीन महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. मॉस्कोत मार्च २०२४ मध्ये विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या एका विद्यार्थ्याने 'स्लावा उक्रायिनी', म्हणजे 'युक्रेनचा जयजयकार', ठेवलं, त्याला दहा दिवस कोठडी. स्वतःच्या घरातला डबा असला तरी नाव भिंतीपलीकडे वाचलं जातं. कोल्हापूरकर काकांचं नशीब की प्रकरण रबरावर भागलं.

फिरतं बिऱ्हाड, चंद्रपूर

बँकेच्या नोकरीत बदल्या चालूच असतात. साताऱ्याहून इकडे आलो, राउटर बरोबर आणला. फोनवर घरात बसून हवामान बघावं तर साताऱ्याचं, पाऊस वगैरे. इथे बेचाळीस डिग्री! वाटलं वायफायचं नाव बदललं की सुधारेल. नाव बदललं, सगळ्यांचे फोन नव्याने जोडले, हवामान साताऱ्याचंच.

केबल ओढणारा, पिंपरी

बिऱ्हाडराव, ते नावावर चालत नाही. प्रत्येक राउटरचा एक कायमचा हार्डवेअर पत्ता असतो, तो नाव बदललं तरी बदलत नाही. गुगल, अ‍ॅपल यांनी तो पत्ता साताऱ्याच्या जागेशी जोडून ठेवलाय. आसपास लोक फोन घेऊन फिरले की हळूहळू सुधारतं. आपला राउटर त्या नोंदीत नकोच असेल तर नावाच्या शेवटी अंडरस्कोर आणि नोमॅप लावा, इंग्रजीत. गुगलने ही सोय २०११ मध्ये दिली, अ‍ॅपलही मानतं. नाव बदलण्याचा खरा उपयोग म्हणाल तर हा एक.

लोणच्याची बरणी, सोलापूर

माझं वॉशिंग मशीन वायफायवालं आहे. नाव बदलल्यापासून अ‍ॅपमध्ये 'ऑफलाइन' दाखवतंय. कपडे धुतंय व्यवस्थित. काय करू? राउटरखालच्या स्टिकरचा फोटो टाकू का इथे?

ओट्यावरची, ठाणे

बरणीताई, फोटो अजिबात टाकू नका, त्यावर पासवर्ड छापलेला असतो! आणि कपडे धुतंय ना? मग राहू द्या ऑफलाइन.