वळवात बोर्ड गेला, डिस्क शाबूत आहेत: पेपरलेस आणि इमिच दुसऱ्या मशीनवर कसं उठवायचं?

खानापूर_लिनक्स
मंडळी, घरच्या सर्व्हरचा मदरबोर्ड विजेच्या झटक्यानं गेला. जुना आय-५ डेस्कटॉप, डेबियन १२, डॉकर कंपोजवर (एका फाईलवरून प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवायची सोय) पेपरलेस-एनजीएक्स (स्कॅन कागदपत्रांसाठी), इमिच (फोटोंसाठी) आणि पाय-होल (जाहिराती अडवणारा घरचा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणारा). सिस्टीम १२० जीबी एसएसडीवर, फोटो आणि कागदपत्रं २ टीबी हार्ड डिस्कवर. एसएसडी यूएसबी केसमध्ये घालून नीट वाचता येते. हार्ड डिस्क माउंट होते, पण काही फोल्डर उघडताना अडकते. पेपरलेसचा पोस्टग्रेस डेटाबेस नेमड व्हॉल्यूममध्ये (डॉकरनं सांभाळलेलं डेटा फोल्डर) आहे, डंप (डेटाबेसची बाहेर काढलेली प्रत) नाही. हाताशी रास्पबेरी पाय ४ आहे, नाहीतर बेळगावात सेकंडहँड मिनी पीसी बघतो. मराठी खरेदीखतं आणि कन्नड उतारे सगळे पेपरलेसमध्ये आहेत. सुरुवात कुठून करू?

निपाणीकर_रूट
बोर्डाचं राहू दे ओ, आधी ती हार्ड डिस्क अनमाउंट करा. अडकते म्हणजे खराब सेक्टर परत परत वाचायचा प्रयत्न चाललाय. स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत दाखवणारी कमांड) च्या यादीत ५, १९७ आणि १९८ या खराब सेक्टरांच्या ओळी बघा. १९७ समोर शेवटच्या रॉ व्हॅल्यू रकान्यात शून्य सोडून काहीही असेल तर त्या डिस्कवर एफएससीके (फाईलसिस्टीम दुरुस्त करणारी कमांड) चालवू नका, फोल्डर ओढून कॉपीही करू नका.

डीडीरेस्क्यू वापरा, तो खराब डिस्कची दुसऱ्या डिस्कवर प्रत काढतो. डेबियनमध्ये पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू, कमांड मात्र डीडीरेस्क्यू. समोरची डिस्क २ टीबी किंवा मोठी, आणि दोन्ही शक्यतो थेट साटाला, कारण स्वस्त यूएसबी केस खराब सेक्टर आला की मधेच रीसेट होतात. पहिली फेरी -एन लावून, म्हणजे चांगला भाग पटकन निघतो. दुसरी -डी -आर३ नं, उरलेल्या तुकड्यांसाठी. दोन्ही फेऱ्यांना मॅप फाईल (कुठला भाग वाचून झाला त्याची नोंद) एकच द्यायची, आणि ती तिसऱ्याच डिस्कवर ठेवायची. मधे लाईट गेली तरी काम तिथूनच पुढं चालतं. एफएससीके नंतर, आणि तेही नव्या प्रतीवरच. डिस्कमधून टक-टक आवाज यायला लागला तर यातलं काहीच करू नका, बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडं द्या.

आणि जुना पॉवर सप्लाय परत वापरू नका हां. मल्टीमीटरवर पिवळी तार ११.४ ते १२.६ आणि लाल ४.७५ ते ५.२५ व्होल्टमध्ये दाखवेलही, पण झटका खाल्लेला सप्लाय लोडवर काय करेल याचा भरवसा नाही.

टिळकवाडी_टर्मिनल
पाय ४ विसरा. पोस्टग्रेसचं डेटा फोल्डर इंटेलवरून एआरएमवर उचलून नेता येत नाही. डंप असता तर चाललं असतं. त्यामुळं इंटेल किंवा एएमडीचा मिनी पीसीच घ्या, ८ जीबी रॅम बघून. इमिचचं चेहरे ओळखायचं काम बरीच मेमरी खातं.

एसएसडीवर व्हार-लिब-डॉकर खाली व्हॉल्यूम्समध्ये तुमचा डेटाबेस आहे. त्यातल्या पीजी-व्हर्जन फाईलमध्ये एकच आकडा असतो. तो पोस्टग्रेसची आवृत्ती. १५ असेल तर डॉकर इमेज (कंटेनर ज्यावरून बनतो ते तयार पॅकेज) १५चीच लावा. १६ची लावली तर पोस्टग्रेस सुरूच होणार नाही. कंपोजमध्ये 'लेटेस्ट' लिहिणाऱ्यांना हे अशाच वेळी कळतं. डेबियनवाली इमेज होती तर अल्पाइनवाली लावू नका. दोघांची अक्षरं लावायची पद्धत वेगळी, त्यामुळं मजकुरावरचे इंडेक्स गुपचूप चुकतात आणि असलेली नोंद सापडत नाही.

व्हॉल्यूम आरसिंक या कॉपीच्या कमांडनं -ए आणि न्यूमरिक-आयडीज लावून, रूट म्हणून उतरवा, नाहीतर मालकी बदलून परवानगीच्या चुका येतील. कंपोज फाईल ज्या फोल्डरात होती त्याचं नाव तेच ठेवा: व्हॉल्यूमच्या नावापुढं ते जोडलं जातं. फोल्डर बदललं की डॉकर नवा, रिकामा व्हॉल्यूम करतो आणि सगळं गेलं असं वाटतं. सेटिंगची डॉट-ईएनव्ही फाईलही आणा.

मग फक्त डेटाबेसचा कंटेनर उठवा. अचानक बंद पडलेला पोस्टग्रेस डब्ल्यूएएल (बदलांची नोंदवही) वाचून स्वतःच सावरतो. लॉग बघत थांबा. ती नोंदवही पुसणाऱ्या पीजी-रीसेटवॉलला हात लावू नका. उठला की दुसरं काही करायच्या आधी पीजी-डंपऑलनं डंप काढा.

इमिचचं सोपं असेल. मूळ सेटिंग तसंच ठेवलं असेल तर नव्या आवृत्त्या रोज रात्री २ ला डंप काढून अपलोड फोल्डरातल्या बॅकअप्समध्ये टाकतात, शेवटचे १४ राहतात. हार्ड डिस्कच्या नव्या प्रतीवर बघा की.

खानापूर_लिनक्स
१९७ समोर ४८ आहे. डीडीरेस्क्यू लावलाय. उताऱ्यांचं कन्नड ओसीआर (स्कॅनमधून मजकूर वाचणं) परत सगळं करावं लागेल का?

टिळकवाडी_टर्मिनल
नाही. वाचलेला मजकूर डेटाबेसमध्ये असतो आणि पीडीएफ मीडिया फोल्डरात. शोध चालेना तर डॉक्युमेंट-इंडेक्स रीइंडेक्स, बस्स. पण नवीन कागदांसाठी एक अडचण येईल. मराठी आणि कन्नड या ओसीआरच्या भाषा पेपरलेसच्या मूळ इमेजमध्ये नसतात. 'मार' आणि 'कान' हे त्यांचे कोड सेटिंगमध्ये दिल्यावर नवा कंटेनर उठताना त्या नेटवरून उतरतात. राउटरचा डीएनएस मेलेल्या पाय-होलकडं बोट दाखवत असेल तर ते होणारच नाही. म्हणून आधी पाय-होल उठवा किंवा राउटरमध्ये दुसरा डीएनएस घाला.

संकेश्वर_कंपोज
वर एक राहिलं. डेटा डिस्क एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठली डिस्क कुठं लावायची ती फाईल) यूयूआयडीनं, म्हणजे तिच्या कायमच्या ओळख क्रमांकानं लावा. तिथं नोफेल हा पर्याय लावला असेल तर डिस्क न लागताही मशीन सुरू होतं, आणि डॉकर त्या जागी स्वतःच रिकामं फोल्डर बनवतो. इमिच खुणेची फाईल दिसली नाही की अडून बसतं, ते बरं. पोस्टग्रेस मात्र रिकाम्या फोल्डरात खुशाल नवा डेटाबेस मांडतो. उपाय सिस्टीमडीत (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम): डॉकर सर्व्हिसला रिक्वायर्स-माउंट्स-फॉर मध्ये तो पाथ द्या. डिस्क नाही तर डॉकरच उठत नाही.

पावसाळ्यासाठी: घरचा इन्व्हर्टर वापरणार असाल तर मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा, दुसऱ्या मोडवर बदलायला वेळ लागतो आणि पीसी रीस्टार्ट होतो. पण इन्व्हर्टर पीसीला बंद हो म्हणत नाही. त्यासाठी यूएसबी पोर्ट असलेला ६०० व्हीएचा यूपीएस आणि नट (यूपीएसवर नजर ठेवणारा प्रोग्राम), बॅटरी कमी झाली की आधी कंटेनर, मग मशीन बंद. झटका लॅनच्या तारेतूनही येतो, म्हणून राउटरही त्याच यूपीएसवर घ्या आणि गच्चीवरून आलेली तार असेल तर ढग गडगडताना काढा. बॅकअपची डिस्क कायम जोडून ठेवू नका. रात्री डंप, मग रेस्टिक या प्रोग्रामनं बॅकअप, आठवड्याला एकदा डिस्क लावून तिच्यावर प्रत, आणि काढून कपाटात.